हिरवी बादली, ‘गोत्तिल्ला’ आणि गॅदरिंग

वाचक विचारतात

मागच्या अंकात मुलांच्या टीव्हीवरच्या छोट्या विनोदी प्रवेशांच्या कार्यक्रमांवर, त्यातही कॅनडातल्या ‘यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन’वर, चार ओळी छापल्या होत्या. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून पत्रं आली. गॅदरिंग तोंडावर आलंय, त्यामुळे निम्मी पत्रं त्या कार्यक्रमात पात्राच्या डोक्यावर ओतल्या जाणाऱ्या हिरव्या चिखलाच्या बादलीभोवतीच फिरतात. म्हणून या वेळी बादलीला जागा जास्त दिली आहे.

*

प्रश्न (टिळकवाडी, एक पालक): आमचा नऊ वर्षांचा मुलगा तो चिखल ओतण्याचा प्रसंग मोबाईलवर दहा-दहा वेळा बघतो आणि चिखल पडायच्या आधीच खिदळायला लागतो. पुढं काय होणार ते पाठ असताना हसायचं कशाला?

उत्तर: पाठ आहे म्हणूनच. या कार्यक्रमाचा सगळा जीव एका नियमात आहे. पात्रानं ‘आय डोन्ट नो’, म्हणजे ‘मला माहीत नाही’, म्हटलं की डोक्यावर हिरवा चिखल. ‘वॉटर’ म्हटलं की पाण्याची बादली. हा नियम बघणाऱ्या पोराला ठाऊक असतो आणि पात्र मात्र दर वेळी विसरतं. प्रश्न विचारला जातो, पात्र उत्तर शोधत चाचरतं, तेवढ्या क्षणात घरी बसलेलं पोर त्याच्या पुढं गेलेलं असतं. ‘म्हणणार, म्हणणार... म्हणाला!’ खरी मजा या ‘म्हणणार’मध्ये आहे. चिखल म्हणजे नुसती पोचपावती. तान्ह्या बाळाला पदराआडून ‘भो’ केलं तर तेही पदर हलायच्या आधीच हसतं, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं कारण, मुलाला दिवसभर प्रश्न विचारले जातात आणि ‘माहीत नाही’ म्हटलं की बोलणी बसतात. इथं त्याच उत्तराची शिक्षा इतकी अवाढव्य आणि हिरवीगार केली आहे की तिचा धाकच उरत नाही. हा कार्यक्रम 1979 मध्ये ओटावा शहरातल्या सीजेओएच या स्थानिक वाहिनीवर सुरू झाला. पुढं अमेरिकेतल्या निकेलोडियन या मुलांच्या वाहिनीनं तो घेतला आणि 1990 पर्यंत नवे भाग निघत राहिले. हिरवा चिखल तर निकेलोडियनची खूणच होऊन बसला. इतकी वर्षं तीच युक्ती चालली, कारण नियम कधी बदलला नाही. मुलाला दहा वेळा बघू द्या. तो विनोदाचं गणित शिकतोय.

*

प्रश्न (खानापूर तालुका, एक शिक्षिका): पाचवी-सहावीच्या मुलांना गॅदरिंगमध्ये हा चिखलाचा प्रवेश करायचाच आहे. चिखल कशाचा करावा? अंगाला, डोळ्यांना त्रास नको, आणि जिलेटिन चालणार नाही.

उत्तर: जिलेटिनबद्दल आधीच विचार केलात ते बरं केलंत. मूळ कार्यक्रमात वेगवेगळ्या काळात जिलेटिन, ओटमील, शाम्पू असं काय काय वापरलं जाई. पण जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि आपल्या भागातल्या जैन, लिंगायत आणि इतरही बऱ्याच घरांना ते चालत नाही. त्याऐवजी अगार-अगार घ्या, असं कुणी सुचवेल. घेऊ नका. ते साध्या हवेतही घट्ट बसतं, त्याच्या वड्या पडतात आणि डोक्यावर वडी बसली की लागते. कॉर्नफ्लोअर उत्तम.

दोन मुलांना पुरेल असा, म्हणजे साधारण 5 लिटरचा हिशेब असा. कॉर्नफ्लोअर 225 ते 250 ग्रॅम, मैदा 50 ग्रॅम, खाण्याचा हिरवा रंग अर्धा चमचा, भिजवून कुस्करलेले पातळ पोहे दोन मुठी, आणि लहान मुलांचा शाम्पू दोन मोठे चमचे. मैदा कशाला, असं वाटेल. नुसतं कॉर्नफ्लोअर शिजल्यावर पारदर्शक होतं आणि स्टेजच्या दिव्यात हिरव्या सरबतासारखं दिसतं. मैद्यानं ते गढूळ, जड दिसतं. पोह्यांमुळं चिखलाला गाठी-गाठी येतात. शेवटच्या रांगेतल्या पोरांना त्या गाठीच दिसल्या पाहिजेत.

एक लिटर गार पाण्यात कॉर्नफ्लोअर, मैदा आणि रंग कालवून घ्या. उरलेलं चार लिटर पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की आच मंद करा आणि कालवलेलं मिश्रण बारीक धारेनं सोडत एका हातानं सतत ढवळा. पीठ सरळ गरम पाण्यात टाकलंत तर बाहेरून शिजलेल्या नि आतून कोरड्या गुठळ्या होतात, त्या मग कशानंच मोडत नाहीत. मिश्रण दाट झाल्यावर तीन-चार मिनिटं आणखी शिजू द्या. कच्चं राहिलं तर पिठाचा वास येतो आणि खाली साका बसतो.

निवताना वर साय धरते. दर पंधरा-वीस मिनिटांनी ढवळलं तर धरत नाही. तरी धरलीच, तर पुरणाच्या चाळणीतून गाळा. पोहे त्यानंतर घाला, नाहीतर चाळणीतच राहतील. शाम्पू अगदी शेवटी, पूर्ण गार झाल्यावर, हलक्या हातानं. आधी घालून घोटलात तर फेस होतो आणि चिखलाचं साबणपाणी दिसतं. शाम्पूचा उपयोग एवढाच की नंतर केस धुताना सगळं चटकन सुटतं. तो डोळ्यांना कमी झोंबणारा असला तरी डोळे मिटलेलेच हवेत.

परीक्षा पळीनं करा. पळी उचलून तिरकी केली की इडलीच्या पिठासारखी जाड, तुटक धार पडली पाहिजे. पाण्यासारखी सरळ धार पडली तर पातळ झालंय, गोळा पडला तर घट्ट झालंय. घट्ट झालं तर कोमट पाणी वाटी-वाटीनं घाला. पातळ झालं तर मात्र सगळं पुन्हा आचेवर न्यावं लागतं, म्हणून सुरुवातीला थोडं घट्टच ठेवलेलं बरं. सकाळी करा, संध्याकाळी वापरा. आदल्या रात्रीचं आंबतं, पाणी सुटतं, वास येतो.

बेळगाव-खानापूरकडची डिसेंबरची संध्याकाळ ध्यानात घ्या. गार चिखल डोक्यावर पडला की पोराचा श्वास अडकतो, आणि मग त्याच्या तोंडून हसू नाही, किंचाळी निघते. ओतायच्या आधी वीस मिनिटं बादली गरम पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतका कोमट पुरे.

एका मुलाला अडीच लिटर भरपूर होतो. बादलीचा काठ डोक्याच्या वर फूट-दीड फूट असावा. त्याहून उंचावरून ओतलं तर मार बसतो आणि चिखल पहिल्या रांगेवर उडतो. दोरीला टांगलेली बादली अजिबात नको. ओतणारा मोठा माणूस मागच्या पडद्याआड भक्कम टेबलावर उभा राहून दोन्ही हातांनी ओतेल, सुमारे तीन सेकंदांत, सगळं एकदम उपडं न करता.

उभं राहणाऱ्या पोराचा चष्मा काढा, केसांना आधी भरपूर खोबरेल लावा, कानात कापूस घाला. हनुवटी किंचित खाली, डोळे नि तोंड मिटलेलं. वर बघायचं नाही, हे दहा वेळा सांगा. गणवेशाचा पांढरा शर्ट नको, खाण्याचा रंगही पांढऱ्या कापडावरून सहज जात नाही. जुना गडद टीशर्ट चालेल. खाली आठ बाय आठ फुटांची ताडपत्री, तिच्या कडेला ओली गोणपाटं, पोर अनवाणी. माईकचा स्टँड पाच फूट लांब आणि वायरींचा बोर्ड जमिनीवर नको. हा प्रवेश कार्यक्रमात सगळ्यात शेवटी ठेवा. ताडपत्री कितीही नीट गोळा केली तरी स्टेज निसरडं होतंच, आणि त्यावर पुढचा लेझीमचा आयटम आला की कुणीतरी आपटतं.

शेवटची गोष्ट वेळेची, आणि निम्मे प्रयोग इथंच फसतात. ‘माहीत नाही’ हे शब्द पूर्ण होऊ द्या. मग एक सेकंद शांतता. त्या सेकंदात पोराचा चेहरा बदलतो, आपण काय बोललो ते त्याला कळतं, आणि सभागृहालाही कळतं. मग ओता. शब्द संपायच्या आत ओतलं तर मागच्यांना काय झालं ते समजत नाही. दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबलं तर पोर न राहवून वर बघतं आणि चिखल नाकातोंडात जातो. ओतणाऱ्यानं शब्द स्वतः ऐकून ओतावं. कुणीतरी विंगेतून हात हलवणार आणि मग हा ओतणार, या पद्धतीत उशीर ठरलेलाच.

आणि ज्याला मनापासून उभं राहायचंय त्यालाच उभं करा. आधी घरी साध्या कोमट पाण्याच्या तांब्यावर तालीम होऊ द्या. तांब्यालाच जे पोर दचकतं, त्याला बादलीखाली ढकलू नका. बाईंनी किंवा सरांनी स्वतः उभं राहायची तयारी दाखवली तर फारच छान, टाळ्या दुप्पट पडतात.

*

प्रश्न (शहापूर, बेळगाव, सातवीतली विद्यार्थिनी): आमच्या वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आणि कन्नड बोलणाऱ्या, दोन्ही मुली आहेत. प्रवेश कोणत्या भाषेत लिहू? टीव्हीवर बोलतात तसं बोलायला आम्हाला जमत नाही.

उत्तर: टीव्हीवरच्यासारखं बोलूच नका. घरी ‘काय करालास?’ म्हणणारी मुलगी स्टेजवर ‘काय करतो आहेस?’ म्हणायला गेली की तिचं निम्मं लक्ष क्रियापदावर जातं आणि विनोदाची वेळ चुकते. ‘होय की’, ‘न्हवं’ जसं तोंडात येतं तसंच ठेवा. समोर बसलेले आई-बाबा तसंच बोलतात.

दोन भाषा ही तर तुमची चैन आहे. चिखलाचा नियमच बघ. पहिली मुलगी ‘माहीत नाही’ म्हणते, भिजते. दुसरी शहाणी, ती सावध होऊन कन्नडमध्ये ‘गोत्तिल्ला’ म्हणते. एक सेकंद काहीच होत नाही, ती सुटल्याच्या आनंदात हसते, आणि चिखल! बादलीला दोन्ही भाषा येतात हे तिला ठाऊक नव्हतं. पाण्याच्या बादलीलाही हेच लागू. ‘पाणी’ म्हटलं तरी पडणार, ‘नीरु’ म्हटलं तरी.

सारख्या ऐकू येणाऱ्या शब्दांवर तर अख्खा प्रवेश उभा राहतो. मराठीत हत्ती म्हणजे सोंडवाला, कन्नडमध्ये ‘हत्ती’ म्हणजे कापूस. चिखलासाठी कानात घालायचा तोच कापूस, म्हणजे प्रवेश आपोआप जोडला गेला. मराठी गिऱ्हाईक प्राणिसंग्रहालयाच्या गोष्टी करतंय नि कन्नड दुकानदार विचारतोय, ‘हत्ती एष्टु बेकु?’ म्हणजे कापूस किती हवा? गिऱ्हाईक म्हणतं, ‘एकच पुरे, पण पिशवीत मावेल का?’ तसंच ‘हालु’ म्हणजे दूध, आणि आपले ‘हाल’ वेगळे. ‘बेडा’ म्हणजे नको, आणि पाहुण्याला झोपायला हवा असतो बेड. शब्द निवडताना एवढं बघ की दोन्ही माणसं आपापल्या जागी बरोबर असावीत. गोंधळ शब्दाचा व्हावा. एक भाषा बोलणारा बावळट आणि दुसरी बोलणारा हुशार, असं झालं की निम्मं सभागृह गप्प बसतं, आणि त्यांचं बरोबरच असतं.

*

प्रश्न (निपाणी, एक शिक्षक): मुलांना ‘उलटे’ प्रवेश लिहायला सांगितले. आई म्हणते, ‘भाजी नको, चॉकलेट खा’. पण कुणी हसत नाही. काय चुकतंय?

उत्तर: उलटे प्रवेश हे या कार्यक्रमातलं ठरलेलं दालन होतं. मोठ्यांनी म्हणायचं ते पोरांच्या मनासारखं, आणि पोरांनी हट्ट धरायचा अभ्यासाचा. तुमच्या मुलांनी शब्द उलटे केलेत, पण पोराची इच्छा सरळच ठेवली आहे. आई म्हणाली ‘चॉकलेट खा’ आणि पोरगं आनंदानं खायला लागलं, तर तिथंच संपलं. भांडण उरलंच नाही. पोरगं रडलं पाहिजे: ‘आई, एकच कारल्याची फोड दे ना, सगळ्यांच्या घरी देतात!’ आणि आईनं दम दिला पाहिजे: ‘आधी ते चॉकलेट संपव. ताटात टाकलेलं चालणार नाही. आणि गृहपाठाला हात लावलास तर बघ, चल, मोबाईल घे हातात!’

म्हणजे बोलण्याचा सूर, राग, लाडीगोडी सगळं रोजच्यासारखं आणि फक्त वस्तूंची अदलाबदल. मुलांना आधी आठवडाभर घरात ऐकू येणारी दहा वाक्यं जशीच्या तशी उतरवून आणायला सांगा. ‘तुझ्या वयाचे असताना आम्ही...’ हे वाक्य हमखास येईल. ते सोन्यासारखं आहे.

लांबी दीड ते दोन मिनिटं. स्टेजवर पोरं मिनिटाला सव्वाशेच्या आसपास शब्द बोलतात, म्हणजे वहीचं फार तर दीड पान. मुलांचे प्रवेश लांबतात ते शेवट सापडत नाही म्हणून. सगळ्यात मोठं हसू येईल त्या वाक्यावर पेनानं रेघ मारा, त्याच्या खालचं सगळं खोडा, पडदा पाडा.

*

प्रश्न (चिकोडी, एक मुख्याध्यापिका): या कार्यक्रमांत शिक्षक, आई-वडील सगळे मूर्ख दाखवतात. मुलांना मोठ्यांचा अनादर शिकवल्यासारखं नाही का होत?

उत्तर: प्रश्न रास्त आहे. पण मूळ कार्यक्रमात एक गंमत होती. वडील, शिक्षक, बर्गरच्या हॉटेलचा कळकट आचारी, गोळीबार पथकाचा कप्तान, या जवळपास सगळ्या मोठ्या पुरुषांच्या भूमिका लेस लाय नावाचा एकच नट करायचा. बायकांच्या भूमिका बरीच वर्षं अ‍ॅबी हॅगयार्ड करत. त्यामुळं अमुक एक शिक्षक किंवा अमक्याचे बाबा मूर्ख, असं काही वाटत नाही. ‘मोठी माणसं’ नावाचं एकच ढोंगी, विसरभोळं पात्र टोपी बदलून पुन्हा पुन्हा येतं. पोरं हसतात ती त्या टोपीला.

तुमच्या शाळेतही हेच करा. एका हौशी सरांना सगळ्या मोठ्या भूमिका द्या आणि दर वेळी एकच वस्तू बदला: चष्मा, पंचा, शिट्टी, छत्री. कपडे बदलायला वेळ लागत नाही आणि तिसऱ्यांदा तेच सर आले की ते तोंड उघडायच्या आधी हशा पिकतो. शाळेतल्या खऱ्या शिक्षकाची नक्कल मात्र त्यांना विचारल्याशिवाय नको.

धोका खरा आहे तो दुसरीकडे, दुबळ्यावर हसण्यात. 1987 मध्ये याच कार्यक्रमानं दत्तक मुलांवर एक भाग केला. त्यात दत्तक आलेल्या मुलाला घरात राबवून घेतात, अशा धर्तीचे विनोद होते. टीका झाली आणि निकेलोडियननं तो भाग पुन्हा दाखवणं बंद केलं. मुख्याध्यापकांवर हसलं तर मुख्याध्यापकांचं काही बिघडत नाही. वर्गातल्या एखाद्या दत्तक, तोतऱ्या, जाड किंवा गरीब मुलावर हसलं तर त्याचं वर्ष खराब होतं. संहिता तपासताना एवढी एकच चाळण लावा.

*

प्रश्न (हिंडलगा): त्या कार्यक्रमात मुलं लोखंडी कपाटांतून डोकं काढून विनोद सांगतात. आमच्या शाळेत तशी कपाटं नाहीत.

उत्तर: फ्रिजची रिकामी खोकी आणा, दुकानदार सहसा देतात. तीन खोकी शेजारी-शेजारी उभी करून मागून बांबूला सुतळीनं घट्ट बांधा. प्रत्येकात दोन झडपा कापा, खालची बसलेल्या पोराच्या तोंडाशी, वरची उभ्या पोराच्या. झडप दीड फूट रुंद, एक फूट उंच, आणि फक्त तीन बाजू कापायच्या. बिजागरीची चौथी बाजू उभी ठेवा. आडवी ठेवली तर झडप विनोदाच्या मध्येच तोंडावर पडते. उघडझाप करून ती कड फाटते, म्हणून तिला आधीच दोन्हीकडून कापडी चिकटपट्टी लावा.

खोक्यात आवाज कोंडतो. पोरानं खांद्यापर्यंत बाहेर आल्याशिवाय बोलायचं नाही. पुढं मधोमध एकच माईक, खालच्या नि वरच्या झडपांच्या मधल्या उंचीवर. विनोद दोन ओळींचाच हवा. एक विचारेल, दुसरा उत्तर देईल, दोन्ही झडपा धाडकन बंद. हे तुकडे मोठ्या प्रवेशांच्या मध्ये टाका, तेवढ्यात मागं सामान हलवता येतं.

*

प्रश्न (बेळगाव कॅम्प): हशा रेकॉर्ड करून वाजवावा का? त्या कार्यक्रमातही वाजवायचे.

उत्तर: वाजवायचे, कारण तिथं समोर प्रेक्षक नसत. तुमच्या समोर पाचशे पोरं बसलेली असतील. नको.

*

प्रश्न (संकेश्वर): असेच आणखी कोणते कार्यक्रम मुलांना दाखवावेत?

उत्तर: बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर 2009 पासून आलेला ‘हॉरिबल हिस्टरीज’ आधी दाखवा. इतिहासातल्या खऱ्या गोष्टींवरचे छोटे प्रवेश आणि गाणी, आणि मध्ये मध्ये एक बाहुलीचा उंदीर पाटी दाखवून सांगतो की हे खरंच घडलं होतं. मोठ्यांच्या कार्यक्रमांशी स्पर्धा करून त्यानं 2010 च्या ब्रिटिश कॉमेडी अवॉर्ड्समधलं विनोदी प्रवेशांच्या कार्यक्रमाचं पारितोषिक मिळवलं. भाषा इंग्रजी आहे आणि उच्चार भरभर, म्हणून आठवीच्या खालच्या मुलांजवळ बसून दर प्रवेशाला थांबवत सांगावं लागेल. काही प्रवेशांत रक्त, घाण, मुंडकी भरपूर आहेत, ते आधी स्वतः बघून घ्या. जवळचं बघायचं तर झी कन्नडवर 2016 मध्ये सुरू झालेला ‘ड्रामा ज्युनियर्स’ तुमच्याकडची मुलं बघतच असतील. तिथं प्रवेश लांब असतात आणि परीक्षकांचे अश्रू जास्त. अभिनय शिकायला ठीक, पण दीड मिनिटात हसवून पडदा कसा पाडावा ते तिथं शिकायला मिळत नाही.

*

प्रश्न (खानापूर, पुन्हा त्याच शिक्षिका): बादलीचा प्रवेश पालक मोबाईलवर टिपणार. एकदाच होणार, चुकला तर?

उत्तर: दोन पालकांना आधीच नेमा. एकानं मोबाईल आडवा धरून पूर्ण स्टेज घ्यायचं, दुसऱ्यानं फक्त चेहरा. चेहरावाल्यानं प्रश्न सुरू होतानाच रेकॉर्डिंग चालू करावं आणि पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस नि उजेड पक्का करून ठेवावा. नाहीतर हिरवा लोंढा आला की मोबाईल फोकस शोधत बसतो आणि तो एक सेकंद धूसर येतो. मागचा पडदा हिरवा नको, निळा किंवा काळा लावा.